एक लाइन, दोन कॉम्प्युटर

मित्रांनो, आज एक गंमत करा. तुमच्या घरात इंटरनेटला जोडलेल्या वस्तू किती आहेत, ते मोजा बघू! आईचा मोबाइल, बाबांचा मोबाइल, ताईचा लॅपटॉप, दिवाणखान्यातला टीव्ही... काही घरांत दोन्ही हातांची बोटेसुद्धा पुरायची नाहीत. आणि बाहेरून घरात येणारी लाइन किती? बहुतेक घरांत एकच! मग एका लाइनवर ही सगळी मंडळी एकाच वेळी कशी काय काम करतात? कोणाचा निरोप कोणाकडे जायचा, हे कोण ठरवते? आणि सगळ्यांना एकदमच घाई झाली तर?

या प्रश्नांची उत्तरे मला जळगावच्या आमच्या घरात मिळाली. तेव्हा मी दहावीत होते, आणि घरात कॉम्प्युटर होते फक्त दोन. पण खरं सांगू? दोघांत वाटणी करता आली की दहांत करणे काही अवघड नसते.

आधी थोडे मागे जाऊ या. आपल्या देशात सर्वसामान्य माणसांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने मुंबई, दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत ते सुरू केले. आमच्या घरी यायला त्याला २००१ साल उजाडले. तेव्हा ते यायचे टेलिफोनच्या तारेतून. मोडेम नावाची डबी फोन लावायची, किर्रर्र, टुंई टुंई असे विचित्र आवाज काढायची आणि मग कुठे जोडणी व्हायची. वेग म्हणाल तर कागदावर ५६ केबीपीएस, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तीन एमबीचे एक गाणे उतरवायला दहा मिनिटे लागत!

त्यात आणखी एक भानगड होती. इंटरनेट चालू असले की फोन बंद. धुळ्याची आत्या फोन लावून लावून थकायची आणि रात्री एकदाचा लागला की म्हणायची, "काय रे बाबा, तुमचा फोन आहे की एसटीचं चौकशी कार्यालय? कधी बघावं तेव्हा एंगेज!" म्हणजे त्या काळात एक लाइन दोन कॉम्प्युटरांनी वापरणे तर सोडाच, एक कॉम्प्युटर आणि एक फोन यांचेही एकत्र जमत नव्हते.

२००६ साली आमच्याकडे ब्रॉडबँड आले. तार तीच, फोनचीच. पण आता बोलण्याचा आवाज आणि इंटरनेटची माहिती त्या तारेतून वेगवेगळ्या पट्ट्यांमधून धावू लागली. रेडिओवर एकाच हवेतून दोन स्टेशने ऐकू येतात ना, तसेच. वेग झाला २५६ केबीपीएस. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून २५६ ला ८ ने भागा. सेकंदाला ३२ हजार बाइट! आज तुम्ही हसाल, पण आम्हाला तेव्हा आगगाडीतून विमानात बसल्यासारखे वाटले होते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गावातल्या दुकानदारांचे हिशेब लिहायचे. त्यांचा कॉम्प्युटर पुढच्या खोलीत. हिशेब तयार झाला की तो धुळ्याच्या एका सीएंकडे तपासायला जाई. पूर्वी कागदांचे बाड एसटीने पाठवावे लागे, जळगावहून एरंडोल, पारोळा करत नव्वदएक किलोमीटर. ईमेल आल्यावर ते काम घरबसल्या होऊ लागले. दादा इंजिनिअरिंगला होता. त्याने गोलाणी मार्केटमधून एकेक भाग आणून स्वतःचा कॉम्प्युटर जोडला आणि वरच्या खोलीत मांडला. पण इंटरनेट? ते तर खाली अप्पांकडे. आणि आमच्या मोडेमला नेटवर्कचे पोर्ट एकच!

दादाने यावर तोड काढली. अप्पांच्या कॉम्प्युटरमध्ये त्याने दुसरे नेटवर्क कार्ड बसवले. एक कार्ड मोडेमकडे, दुसरे वरच्या खोलीकडे. जिन्याच्या कठड्यावरून वीसेक मीटर केबल वर नेली. पण ही केबल साधी नव्हती बरं का! तिचे नाव क्रॉसओव्हर केबल.

क्रॉसओव्हर कशासाठी? टेलिफोनचा रिसीव्हर आठवा. माझ्या बोलायच्या टोकातून निघालेला आवाज तुमच्या ऐकायच्या टोकात पोहोचला पाहिजे. बोलायचे टोक बोलायच्याच टोकाला जोडले तर दोघेही बोलत राहतील आणि ऐकणार कोणीच नाही. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात. तेव्हाच्या कार्डांमध्ये पहिली आणि दुसरी तार बोलण्यासाठी आणि तिसरी व सहावी ऐकण्यासाठी असे. म्हणून दोन कॉम्प्युटर थेट जोडताना एका टोकाला १ आणि ३ यांची, तसेच २ आणि ६ यांची अदलाबदल करावी लागे. नारिंगीच्या जागी हिरवी, हिरवीच्या जागी नारिंगी. दादाने मित्राकडून क्रिंपिंगची पक्कड आणली होती. मी टॉर्च धरून रंग मोठ्याने वाचायचे आणि तो तारा ओळीने लावायचा. (आताची यंत्रे ही अदलाबदल आपली आपण ओळखतात. त्यामुळे आता हा खटाटोप करावा लागत नाही.)

मग दादाने अप्पांच्या कॉम्प्युटरवर एका चौकोनात बरोबरची खूण केली. ही जोडणी दुसऱ्यांनाही वापरू द्यायची का, असे तिथे विचारलेले असे. ही सोय विंडोजमध्ये पहिल्यांदा १९९९ साली, विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. खूण करताच अप्पांच्या कॉम्प्युटरला घरातला पत्ता मिळाला १९२.१६८.०.१, आणि वरच्या कॉम्प्युटरलाही तसाच एक पत्ता आपोआप मिळाला.

आता खरी मौज ऐका. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. पत्त्यासाठी ३२ बिट असल्यामुळे एकूण पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. आकडा मोठा वाटतो ना? पण जगातली माणसे त्याहून जास्त, आणि यंत्रे तर विचारूच नका! म्हणून १९९४ च्या मे महिन्यात के. एगेवांग आणि पी. फ्रान्सिस या दोघांनी एक युक्ती लिहून मांडली. घराला बाहेरचा पत्ता एकच ठेवायचा आणि आत वेगळे, घरगुती पत्ते वापरायचे. अशा घरगुती पत्त्यांच्या मालिका ठरवून राखून ठेवल्या गेल्या. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. म्हणून तुमच्या आणि तुमच्या मित्राच्या घरातल्या कॉम्प्युटरांचा पत्ता अगदी सारखा असू शकतो. तरी गोंधळ होत नाही, कारण तो उंबऱ्याच्या आतच चालतो.

पण मग बाहेरून आलेले उत्तर नेमके कोणाचे, हे कसे कळते? ही युक्ती आपल्या आजोबांच्या पिढीला चांगली ठाऊक होती. खेड्यातला मुलगा शिकायला शहरात नातेवाइकांकडे राहिला की त्याच्या पत्रावर लिहीत, 'अमुक, द्वारा तमुक'. पोस्टमन पत्र घरमालकाकडे देई आणि घरमालक ते आतल्या खोलीतल्या मुलाकडे. आमच्या घरी अप्पांचा कॉम्प्युटर हा असा घरमालक होता. वरच्या कॉम्प्युटरने काही मागितले की तो आपल्या वहीत नोंद करी, 'वरच्या खोलीची मागणी, टोकन नंबर अमुक', आणि मग आपल्या नावाने ती बाहेर पाठवी. उत्तर त्याच टोकन नंबरावर आले की वही बघून वर धाडी. एका सेकंदात अशा कितीतरी नोंदी! या टोकनाला पोर्ट नंबर म्हणतात. वायर खोचायचे पोर्ट वेगळे आणि हे वेगळे, एवढे मात्र लक्षात ठेवा.

तर असा आमचा संसार सुखाने सुरू झाला. पण एक गोष्ट लवकरच लक्षात आली. घरमालक झोपला की पत्रे बंद! अप्पांचा कॉम्प्युटर बंद केला की दादाचेही इंटरनेट गेले. आणि ते दिवस होते लोडशेडिंगचे. रोज ठरलेल्या वेळी तासन् तास वीज जायची. जळगावचा उन्हाळा, पंखा बंद, आणि अप्पांच्या यूपीएसवर जेमतेम पंधरा मिनिटे. विंझणा हलवत वाट बघायची, दुसरे काय?

आता २००७ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरची एक संध्याकाळ. आयकराचे रिटर्न भरायची शेवटची तारीख ३१ जुलै. अप्पांना दोन दुकानदारांचे स्कॅन केलेले कागद धुळ्याला पाठवायचे होते. त्याच संध्याकाळी दादाला एका प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा होता, आणि त्याची मुदत त्याच रात्री संपत होती. दोघेही सात वाजता बसले. आठला वीज जाणार होती.

दादाच्या पडद्यावर अर्ज अर्धा उघडे आणि थांबे. पुन्हा प्रयत्न, पुन्हा थांबे. खाली अप्पांची ईमेलची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. सव्वासात झाले, साडेसात झाले. वरून दादा ओरडला, "अप्पा, तुमचं थांबवा ना जरा!" खालून अप्पा म्हणाले, "माझं थांबवून कसं चालेल? लोकांचे पैसे आहेत, दंड बसेल त्यांना!" दोघांचेही खरेच होते. दादाचे वर्ष वाया जाणार होते, आणि अप्पांच्या कामावर तर आमचे घर चालत होते.

असे का होत होते, ते मला पुढे शिकताना समजले. या प्रकारच्या लाइनमध्ये येण्याचा रस्ता रुंद आणि जाण्याचा रस्ता अरुंद असतो. अप्पांच्या जड कागदांनी जाण्याचा रस्ता भरून गेला. दादाचा अर्ज छोटासाच, पण त्याची मागणी बाहेरच पडेना, मग उत्तर येणार कुठून? शिवाय दादाचा कॉम्प्युटर त्याच वेळी गुपचूप विंडोजचे अपडेट उतरवत बसला होता. 'लाइन रिकामी असली तरच उतरवायचे' असे त्याला शिकवलेले असते. पण त्याला फक्त स्वतःचे काम दिसते. खालच्या मजल्यावर कोणी ताटकळले आहे, हे त्याला काय माहीत! यंत्र वहीत नोंद अचूक करते, पण कोणाची नड मोठी हे त्याला कळत नाही.

ते कळले आईला. आईने आयुष्यात माउसला हात लावला नव्हता. ती पोळपाट बाजूला सारून जिन्यापाशी आली आणि म्हणाली, "लाइन एकच आहे ना? मग नंबर लावा. कोणाचं काम किती वेळाचं? आणि कोणाचं थांबू शकतं?"

दादा म्हणाला, "माझं वीस मिनिटांचं. पण आज रात्रीच संपतंय."

अप्पा जरा थांबले. म्हणाले, "माझं तासाभराचं. उद्या सकाळी दहापर्यंत पोहोचलं तरी चालेल."

झालं! अप्पांनी आपले पाठवणे थांबवले. दादाने अपडेट बंद केले. अर्ज भरून पोच हाती आली तेव्हा आठला सात मिनिटे बाकी होती. अप्पा पहाटे पाचला उठले. आमच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ इंटरनेट कितीही वापरता येई, त्याचा हिशेब होत नसे. घर शांत, लाइन मोकळी. चहा होईपर्यंत कागद धुळ्याला पोहोचलेसुद्धा!

चार दिवसांनी नाना आले, म्हणजे आईचे वडील. ते साक्री तालुक्यातले, पांझरा नदीकाठचे शेतकरी. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते मिशीत हसले आणि अहिराणीत म्हणाले, "पाटनं पानी सगळासनं शे!" म्हणजे पाटाचे पाणी सगळ्यांचे आहे.

मग त्यांनी आम्हाला फड पद्धत सांगितली. दोस्तांनो, आपल्या खानदेशची ही फार मोठी ठेव आहे. पांझरेसारख्या नद्यांवर छोटे बंधारे घालून, पाट काढून, शेकडो वर्षे लोक एकत्र शेती भिजवत आले. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे, ते फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दर वर्षी पिकांची फिरवाफिरव करायची. शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असे. त्यामुळे ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला तर तोटा एकट्याचा होत नसे, सगळ्यांनाच थोडा थोडा सोसावा लागे. पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी असे. पिकाची राखण करायला जागल्या असे. "मोठा शेतकरी असो की लहान," नाना म्हणाले, "ज्यानं त्यानं उठून आपलं दार फोडायचं नाही. पाटकरी देईल तेव्हा पाणी."

दादा म्हणाला, "म्हणजे नाना, आपल्याला एक पाटकरी पाहिजे!"

तो पाटकरी २००८ साली आला. राउटर नावाची छोटीशी डबी. मोडेमची तार तिच्यात, आणि दोन्ही कॉम्प्युटर तिला जोडलेले. आता नोंदवही राउटरकडे गेली. अप्पांचा कॉम्प्युटर झोपला तरी दादाचे काम चालू राही. राउटरला वीजही फार थोडी लागे, म्हणून लोडशेडिंगमध्ये लहानशा बॅटरीवर त्याचा निभाव लागे. पण आईने लावलेला नियम मात्र कायम राहिला. कॅलेंडरवर अप्पांच्या तारखा लाल पेनने, दादाच्या निळ्या पेनने. जड काम पहाटे. ज्याचे थांबू शकत नाही, त्याचा नंबर पहिला.

पुढे जगातले ते ४२९ कोटी पत्ते खरोखरच कमी पडले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून टाकले गेले. आता १२८ बिटांचे नवे, प्रचंड संख्येचे पत्ते आले आहेत. पण अजूनही कितीतरी घरांत 'द्वारा'ची जुनी युक्ती चालू आहे.

आणि नियम? तो माझ्या कामी आला धुळ्यात. मी इथे शाळेत विज्ञान शिकवते. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली ती पडद्यावर. अकरा वाजता माझा तास, लेकीचा वर्ग आणि मुलाचाही वर्ग. लाइन एक! पहिल्याच आठवड्यात चित्रे गोठू लागली, आवाज तुटू लागले. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून तक्ता केला. समोरासमोर चालणारा वर्ग थांबू शकत नाही, त्याचा नंबर पहिला. आधी रेकॉर्ड केलेला धडा सकाळीच उतरवून ठेवायचा. खेळांची अपडेट रात्री. बाईंनी विचारल्याशिवाय कॅमेरा बंद, कारण चित्र पाठवायला लाइन फार लागते, नुसत्या आवाजाला अगदी थोडी.

आमच्या शेजारी दहावीतली एक मुलगी होती. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो तिच्या वडिलांबरोबर टेम्पोवर जाई. तिचे वर्ग बुडू लागले. मी तिला आमच्या ओट्यावर बोलावले. माझा जुना लॅपटॉप दिला. घराबाहेर जोडणी वाटू नये, अशी अट इंटरनेट कंपन्यांच्या करारात बरेचदा असते. म्हणून तार किंवा पासवर्ड भिंतीपलीकडे न देता तिलाच पाहुणी केले. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड देता येतो. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळते, पण घरातल्या इतर कॉम्प्युटरांत डोकावता येत नाही. हा आपला जागल्याच म्हणा ना!

एके दिवशी तिचा गणिताचा तास आणि मुलाचा व्हिडिओ यांची वेळ एकच आली. मुलगा फुरंगटून म्हणाला, "आई, लाइन तर आपली आहे. मग आपला नंबर आधी का नाही?"

मी त्याला नानांच्या पाटाची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तिचा तास लाइव्ह आहे. माझा व्हिडिओ मी रात्री बघेन." आणि ओट्यावर जाऊन तिला प्लग लावायला जागा करून दिली.

तर मित्रांनो, आता मोजणी झाली असेल, तर पुढचे काम करा. राउटर कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या पासवर्डाबद्दल मोठ्यांना विचारा. दुकानातून आला तोच पासवर्ड अजून असेल तर त्यांच्या मदतीने बदलून घ्या. मग एक कोरा कागद घ्या. घरातल्या प्रत्येकाला आईचे दोन प्रश्न विचारा. तुमचं काम किती वेळाचं? आणि ते थांबू शकतं का? उत्तरे लिहून तो कागद राउटरशेजारी चिकटवा. आजीलाही विचारायला विसरू नका हं! दुपारी दूरच्या नातवंडाला व्हिडिओवर बघायची तिची वेळ ठरलेली असेल, आणि बाकी कोणाच्या लक्षातही नसेल.